हुसेनचाचांची रिकामी बाटली

हुसेनचाचांच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी येई, मग चहा येई आणि मग बाटली येई. "बाटली आन गं," असं ते जैनबचाचीला मोठ्यानं सांगत आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं ते पुरतं उमटू देत. चाची जागची हलत नसे. मग चाचा स्वतःच उठत, कोनाड्यावरचा हिरवा पडदा सारत आणि रुंद तोंडाची एक काचेची बाटली दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात आणत. "ह्यो उजवा. ह्यो डावा. दोनी माझेच." बाटलीत स्पिरिट असे आणि तळाशी बोराएवढे दोन फिकट गोळे. ते हुसेनचाचांचे टॉन्सिल होते. पाहुण्याचा चहा बहुधा तिथेच निवून जायचा.

पन्नास साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील तेव्हा आम्ही दापोडीला राहायला आलो. आम्ही संगमनेरकडचे. अण्णांना इथल्या एका वर्कशॉपात कारकुनाची जागा मिळाली होती आणि रुळांच्या अलीकडच्या बैठ्या खोल्यांत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. मी तेव्हा अकरा वर्षांची. सामान अजून दारातच पडलं होतं, आई चूल कुठे मांडायची या विवंचनेत होती, तेवढ्यात शेजारच्या दारातून एक बुटका, गोल पोटाचा माणूस चहाची किटली घेऊन आला. खाकी अर्धी विजार, डोक्यावर तेलकट टोपी आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारी एक लांब दांडी.

"मी हुसेन. फिटर. भिंतीपलीकडं ऱ्हातो. नाव काय तुझं, पोरी?"

"सुमन."

"परत सांग बरं."

"सुमन."

चाचांनी किटली खाली ठेवली आणि अण्णांकडे वळून म्हणाले, "भाऊसायेब, नाव झकास हाय. पर तोंडात घास धरून बोलल्यागत येतंय. हिचे वॉचमन सुजलेत."

"कोण वॉचमन?" अण्णा गडबडले. "मी अजून कामावर रुजूसुद्धा झालो नाही."

चाचांनी खिशातली दांडी काढली. तिच्या टोकाला रुपयाएवढा गोल आरसा होता. यंत्राच्या ज्या भोकात डोकं घालता येत नाही, तिथलं पाहायला फिटर लोक तो वापरत. हा मात्र चाचांनी खास घशासाठी वेगळा ठेवला होता आणि वापरल्यावर चाची तो उकळत्या पाण्यात टाकत असे. दुसऱ्या खिशातून बॅटरी निघाली. "आ कर," चाचा म्हणाले. मी आईकडे पाहिलं, आईनं अण्णांकडे पाहिलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत माझा जबडा उघडलेला होता. हुसेनचाचांनी 'आ कर' म्हटल्यावर न उघडलेलं तोंड मी पुढे कधी पाहिलं नाही.

चाचा मूळचे मावळातले. चार पिढ्या तिथेच गेलेल्या, त्यामुळे त्यांची भाषा आमच्यापेक्षा कितीतरी जास्त मावळी होती. लढाईच्या दिवसांत ते खडकीला कामाला होते आणि दर महिन्या-दीड महिन्यानं घसा धरून घरी बसत. शेवटी तिथल्या एका फौजी डॉक्टरानं त्यांना खुर्चीत बसवलं, घसा बधिर केला आणि दोन्ही टॉन्सिल काढून टाकले. चाचांचं म्हणणं असं की त्यांनी डोळे उघडे ठेवून सगळं काम पाहिलं. "हात साफ हुता सायबाचा," ते तारीफ करत. "पर त्यो टाकाय निघाला की बादलीत! मी म्हनलं, सायेब, जुना पार्ट?"

वर्कशॉपाचा नियम असा की जुना भाग जमा केल्याशिवाय स्टोअरमधून नवा मिळत नाही आणि बाहेरचं काम असेल तर काढलेला भाग मालकाच्या हातात द्यायचा. काय खराब झालं होतं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. चाचांना तेव्हा बोलता येत नव्हतं, त्यांचं 'म्हनलं' म्हणजे सगळ्या खाणाखुणा. त्या करूनच त्यांनी तो नियम फौजी डॉक्टराला समजावला. डॉक्टर हसला आणि त्यानं माल बाटलीत घालून दिला. जैनबचाचीला मात्र हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. अंगाचा तुकडा अंगाबाहेर आला की तो मातीत पुरायचा, ही त्यांच्यातली रीत. "मातीचं हाय ते मातीला द्या," असं ती वर्षानुवर्षं सांगत राहिली. चाचा म्हणत, "देईन की. मालक जाईल तवा मालबी जाईल."

रविवारी सकाळी चाचांच्या ओट्यावर दहापंधरा माणसं आ वासून बसलेली असत. एकेकाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, जीभ चमच्याच्या दांड्यानं दाबायची, आरसा आत धरायचा, पाहायचं आणि निकाल द्यायचा. आरसा नुसता पाहण्यापुरता. गावात पडजीभ बोटानं उचलणाऱ्या, गाठी अंगठ्यानं दाबून बसवणाऱ्या बाया होत्या. चाचांना त्यांचा भयंकर राग. "मी बगतो, हात लावीत न्हाई. न उघडता येनाऱ्या मशीनीत बोट घालायचं न्हाई." घसा नीट असला की ते आरसा झटकून "क्लियर!" म्हणत. तो शब्द ते असा म्हणत की समोरच्याला आपण परीक्षा पास झाल्यासारखं वाटे.

आणि मग प्रवचन. "घशाच्या गेटावर दोन वॉचमन उभे असत्यात. एक हिकडं, एक तिकडं. मदी पडजीभ लोंबती, ती घंटा. तोंडानं आत येईल त्येची झडती घ्यायची, ह्ये त्येंचं काम. चोर आला की मारामारी, मारामारी झाली की सूज. लोक येत्यात आन सांगत्यात, चाचा, पोराला टॉन्सिल झाले. आरं, झाले काय? जन्मापासनं हुतेच की!" नाक वाहतंय, खोकला आहे आणि घसा नुसता लाल आहे, तर चाचा मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगून घरी पाठवत. नाक कोरडं, ताप चढलेला, जबड्याखाली गाठी आणि वॉचमनच्या अंगावर पांढरे ठिपके, तर डॉक्टर. आणि घशात राखाडी साय धरलेली दिसली तर ते निकालसुद्धा देत नसत, सरळ टांगा बोलवायला धावत. तो घटसर्प. असा टांगा त्यांनी दोनदा बोलावल्याचं मला आठवतं. दोन्ही मुली वाचल्या आणि दोघींच्या लग्नात चाचा पहिल्या पंगतीला होते.

पिंपळे गुरवचा एक पैलवान होता. त्याचा घसा धरला तेव्हा घरच्यांनी गळ्याला चुना आणि गूळ थापला, वर फडकं बांधलं आणि चार दिवसांनी त्याला चाचांकडे आणलं. एवढा मोठा गडी, पण तोंडातून लाळ गळतेय, मान एका बाजूला कललेली आणि जबडा बोटभरसुद्धा उघडत नाही. आरसा पाहून त्याची पाचावर धारण बसली. चाचांनी आरसा आत घातलाच नाही. फटीतून बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "घंटा एका बाजूला सरकलीय. डाव्या वॉचमनच्या मागं पू झालाय. आजच्या आज चला, आत्ता." स्वतः त्याला पिंपरी कॅम्पात डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला आणि घटकाभरात पैलवानाचं तोंड उघडलं. उघडल्याबरोबर त्यानं पहिली शिवी चाचांना घातली. चाचा इतके खूश झाले की पुढे महिनाभर ती शिवी भेटेल त्याला ऐकवत होते.

हे डॉक्टर फाळणीनंतर सिंधमधून आलेले. लांब चेहऱ्याचे, कमी बोलणारे. चाचांना ते 'मिस्त्री' म्हणत आणि चाचांनी पाठवलेला रोगी आला की आधी हसून मग तपासत. त्यांचं आणि चाचांचं एकाच बाबतीत जमत नसे. मोठे टॉन्सिल दिसले की ते काढून टाकावेत, असं चाचांचं पक्कं मत होतं. फिटरच माणूस तो. वाजवीपेक्षा मोठं म्हणजे नडणारं आणि नडतंय ते काढायचं. डॉक्टर म्हणत, लहान मुलांचे मोठेच असतात, वय वाढलं की आपोआप आक्रसतात. चाचांना काही हे पटत नसे. माझ्या घशात तर दोन्ही बाजूंनी लिंबाएवढे ऐवज बसले होते. त्यामुळे मला पाहिलं की चाचांच्या डोळ्यांत बाटली दिसायला लागे.

आता माझं सांगते. सातवीच्या वर्षी माझा घसा चार वेळा धरला. दर वेळी ताप, अंथरूण, आठवडाभर शाळा बुडालेली. त्या काळी सातवीची फायनल ही मोठीच परीक्षा होती. ती पास झालेल्या मुलीला मास्तरीण होता येत असे, आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही होण्याची मला अक्कलही नव्हती. अण्णा वाईट नव्हते, पण थकलेले होते. दिवाळीत मी तिसऱ्यांदा आजारी पडले तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "ही फायनल दिलीस आणि पास झालीस तर पुढचं बघू. बसता आलं नाही तर पुन्हा वर्ष घालवायचं नाही. तुझ्या मामानं एक स्थळ काढून ठेवलंय." ऑपरेशनाला त्यांची साफ ना होती. घसा कापला की मुलीचा आवाज जातो आणि आवाज गेलेल्या मुलीला कोण पत्करणार, असा त्यांचा हिशेब.

फेब्रुवारीत चौथ्यांदा ताप आला. त्या सुमारास पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना नवाच चालू झाला होता आणि आमच्या भागातली माणसं त्या औषधाबद्दल घरच्या म्हशीच्या दुधाबद्दल बोलावं तसं बोलत. डॉक्टरांनी रोज एक याप्रमाणे दहा दिवस इंजेक्शनं सांगितली. दापोडीहून पिंपरी कॅम्प म्हणजे मुंबई रस्त्यानं सायकलवर बराच पल्ला. अण्णा मला रोज सकाळी पुढच्या दांडीवर बसवून नेत आणि रोज कामावर उशिरा पोचत. तिसऱ्या दिवशी ताप गेला. चौथ्या दिवशी मी पोटभर भाकरी खाल्ली. पाचव्या दिवशी रविवार होता. चाचांनी मला ओट्यावर बसवलं, आरसा घातला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि आरसा झटकला.

"क्लियर! एकदम क्लियर!"

"मग उद्यापासून जायला नको?" अण्णांनी आशेनं विचारलं.

"कशापाय जायचं? चालत्या मशीनीला पाना लावायचा न्हाई, भाऊसायेब. चालू झालं की हात काढायचा. पोरीच्या ढुंगनाची चाळन कराय नगं."

हा वर्कशॉपातला पहिला धडा. चालू यंत्र उगाच खोलायला गेलं की ते बिघडतं, हे चाचा उमेदवारीच्या पोरांना तीस वर्षं सांगत आले होते. अण्णांना तेच हवं होतं, मला तर फारच हवं होतं. डॉक्टरांना विचारावं असं आई एकदा म्हणाली, पण घशाच्या बाबतीत हुसेनभाईंच्या पुढे कोण बोलणार? उरलेली इंजेक्शनं राहिली.

परीक्षेला सहा दिवस उरले असताना सकाळी उठले तर थुंकी गिळवेना. दुपारपर्यंत अंग भाजायला लागलं आणि या वेळी दोन्ही गुडघेही ठणकत होते. चाचांनी आरसा घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. काढला तेव्हा झटकला नाही. त्यांनी मला तडक सायकलवर घातलं.

डॉक्टरांनी किती इंजेक्शनं झाली ते विचारलं. मी पाच बोटं दाखवली. "पाँच? दस बोला था. किसने रोका?"

चाचांनी टोपी काढली. "मी, सायेब. ताप गेला हुता. चालू झाली हुती पोर."

"बुखार गया था, मिस्त्री. जंतू नहीं गया था." डॉक्टर आवाज चढवत नव्हते, त्यामुळे ते जास्तच लागलं. त्यांनी माझे गुडघे दाबून पाहिले, छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. "अभी दिल ठीक है. लेकिन ये बीमारी आधी छोड़ो तो पहले जोड़ पकड़ती है, फिर दिल. तुम पाइप देखता है. ये लड़की है."

परतीच्या वाटेवर चाचा कासारवाडीपर्यंत सायकल दामटत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "चोर पळाले न्हवते. वॉचमनच्या खाटंखाली लपून बसले हुते. मी गेटावर शांत बघितलं आन शिट्टी मारली."

संध्याकाळी ते आमच्या दारात आले, पण उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. अण्णा नुकतेच कामावरून आले होते. चाचांनी डॉक्टरांचं बोलणं एकही शब्द न गाळता सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरत गेला. "तुमच्यावर विश्वास ठेवला, मिस्त्री," ते म्हणाले. "गेली परीक्षा. आता मेमध्ये लग्न उरकून टाकतो. बस झालं हे."

"पार्ट मी बिघडवलाय, भाऊसायेब. दुरुस्त हुईस्तवर मीच नेनार. धाच्या धा दिस. आन परीक्षेलाबी मीच नेनार."

"तुम्ही? पुन्हा तुम्हीच?"

तेव्हा आई चुलीपुढून उठली. माझी आई अण्णांपुढे फारशी बोलत नसे. ती हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "ज्याला आपली चूक कळली त्याच्याच सायकलवरून जाईल ती. आणि परीक्षा गेली असं मी अजून ऐकलेलं नाही. हुसेनभाई, सकाळी किती वाजता?" "सहाला," चाचा म्हणाले आणि अण्णा हातपाय धुवायला वळले. मी पांघरुणातून हे पाहत होते आणि ताप असूनही मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

चाचांनी दहा दिवसांची रजा टाकली. स्वतःच्या ऑपरेशनालाही त्यांनी फक्त दोन दिवसांची घेतली होती, त्यामुळे साहेबानं त्यांना मोठं दुखणं झालं असेल असं समजून चौकशीला माणूस पाठवला. रोज सकाळी सहाला आम्ही निघत असू. पुढच्या दांडीवर उशी बांधलेली, मागे चाचीनं दिलेली मऊ पेज आणि मिठाचं पाणी. कॅम्पात इंजेक्शन, तिथून घरी. मी अंथरुणावर पडून इतिहास वाचायची आणि चाचा ओट्यावर बसून लोकांना परत पाठवायचे. रविवार आला तरी त्यांनी आरसा काढला नाही. खिशाला मात्र त्या दांडीनं पडलेला बाक तसाच राहिला होता.

पाचव्या दिवशी माझा ताप उतरला, गुडघे मोकळे झाले आणि घास सुखानं गिळता आला. सातव्या दिवशी पहिला पेपर होता, गणिताचा, साडेदहाला, खडकीच्या केंद्रावर. म्हणजे सकाळी उलट्या दिशेनं पिंपरी गाठायची आणि मग सगळा रस्ता परत येऊन खडकीला जायचं. गणितात मी कच्ची होते. मला ते दोन तास हवे होते.

"चाचा, आजचा दिवस नको. मला काहीसुद्धा होत नाहीये. बघा ना आत, क्लियर आहे."

"बस सायकलवर."

"उद्या घेऊ की दोन."

"बस."

मग मी जे बोलले ते मुद्दाम लागावं म्हणूनच बोलले. "तुम्हीच तर म्हणाला होता, चालत्या मशीनीला पाना लावायचा नाही."

चाचांनी सायकल भिंतीला टेकवली. मला वाटलं आता ओरडतील. पण ते उकिडवे बसले, माझ्या डोळ्यांच्या पातळीला आले आणि हळू म्हणाले, "म्हनलो हुतो. त्ये लोखंडाचं बोलनं हुतं. पोरी, लोखंड बिघडलं तर मी दुसरं आनीन. तुझ्या काळजाचा पार्ट मी कुठल्या स्टोअरातून आनू?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या मोठ्या माणसाला मी रडवलं याची मला अजून लाज वाटते. मी सायकलवर बसले आणि वाटेत पाढे म्हणत गेले. मागून चाचा धापा टाकत बरोबर-चूक सांगत होते. तेरानंतरचे पाढे त्यांनाही येत नव्हते, तरी ते "बरूबर" म्हणत होते.

तीन दिवस पेपर चालले. केंद्राच्या आवारात एक कडुनिंब होता, त्याच्या पारावर चाचा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून असत. शेवटच्या दिवशी, बाहेर आल्यावर, मी त्यांच्यापुढे मुकाट्यानं तोंड उघडलं. त्यांनी बॅटरीलासुद्धा हात लावला नाही. "मी न्हाई सांगनार. धावा दिस उद्या हाय. सायेब सांगतील." दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं, छाती ऐकली आणि ठीक आहे म्हणाले. मे महिन्यात निकाल लागला. मी पास झाले होते. गणितात काठावर, पण पास. अण्णांनी मामाला पत्र लिहून स्थळ नको म्हणून कळवलं आणि ते पत्र टाकायला चाचांच्याच हाती दिलं.

एवढं झालं तरी चाचांच्या डोक्यातलं ऑपरेशन गेलं नव्हतं. त्यांनी पुण्याहून काचेच्या बुचाची नवी बाटली आणून स्पिरिट भरून ठेवली होती आणि माझ्याच अक्षरात तिच्यावर चिठ्ठी लिहून घेतली होती: 'कु. सुमन. उजवा, डावा.' डॉक्टर म्हणाले सहा महिने पाहू. सहा महिन्यांत एकदा सर्दी झाली, बाकी काही नाही. शेवटच्या तपासणीला चाचा पिशवीत बाटली घेऊनच आले होते.

"रहने दो," डॉक्टर म्हणाले.

"पर मोठे हायेत की, सायेब!"

"मोठा होना जुर्म नहीं है, मिस्त्री. तुम्हारा पेट भी मोठा है. काट दूँ?"

चाचांनी पोटावर हात ठेवला आणि पिशवी पाठीमागे नेली. घरी येईपर्यंत ते जरा खट्टूच होते. मग त्यांनी ती रिकामी बाटली कोनाड्यात आपल्या बाटलीशेजारी ठेवली आणि मला चिठ्ठीवरचं 'उजवा, डावा' खोडायला लावलं. खाली काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "लिव्ह, फायनल पास."

तेव्हापासून त्यांच्या घरच्या पाहुणचारात बदल झाला. पाणी, चहा, बाटली, आणि मग दुसरी बाटली. "ह्यात काय दिसतंय?" ते विचारत. पाहुणा बिचारा खूप वेळ निरखून "काही नाही" म्हणे. "त्येच तर! औषध पुरं केलं, म्हनून काय न्हाई!" आणि मग आपली चूक ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत, स्वतःला कुठेही न वाचवता. औषध अर्ध्यावर सोडणारा कोणी गल्लीत आढळला की चाचा सकाळी त्याच्या दारात सायकल घेऊन उभे. घसे पाहणं त्यांनी पुन्हा चालू केलं, कोणाला डॉक्टरांकडे धाडायचं तेही सांगत. पण 'क्लियर' हा शब्द मात्र त्यांनी टाकला तो टाकलाच. कोणी कितीही आग्रह केला तरी म्हणत, "त्यो शब्द माझा न्हाई. सायबाचा हाय."

मी पुण्याला ट्रेनिंग केलं आणि चाकणजवळच्या एका शाळेत लागले. पुढे लग्न झालं, मुलं झाली, कॅम्पाच्या आजूबाजूला कारखाने वाढत गेले. चाचा गेले तेव्हा मला दोन दिवसांनी कळलं. मी तिथे पोचले तर कोनाड्याचा पडदा उघडा होता. चाचीनं त्यांचा शब्द खरा केला होता. मालकाबरोबर माल मातीत गेला होता. ती मोठी बाटली धुऊन तिनं तिच्यात लवंगा भरल्या होत्या. दुसरी माझ्या हातात दिली. ती आज माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे, चिठ्ठी पिवळी पडलीय, पण अक्षर वाचता येतं.

पण मला त्याच्या महिनाभर आधीची भेट जास्त आठवते. चाचा खाटेवर होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि माणूस ते आवाजावरूनच ओळखत. मी "चाचा" म्हटलं तर लगेच म्हणाले, "आता घास धरून बोलत न्हाईस तू." मग उशाखाली चाचपडत त्यांनी ती दांडी काढली. आरशाचा पारा जागोजाग उडालेला होता. "आ कर," म्हणाले.

चाळिशीला टेकलेली मास्तरीण मी, खाटेजवळ जमिनीवर बसले आणि आ केला. आरसा तोंडाच्या बाहेरच, माझ्या गालाला टेकला होता आणि बॅटरीत सेलही नव्हते. तरी त्यांनी आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. चाची दारात उभी राहून पाहत होती. मग चाचांनी पूर्वीसारखा आरसा झटकला.

"क्लियर," ते म्हणाले.